आल्मेडा डॉक्टर आणि फिलूचा पाय

आल्मेडा डॉक्टरांकडे कोणी ताप घेऊन येवो, खोकला घेऊन येवो की पोटदुखी, ते आधी त्याचे पाय धुवायला लावत. दवाखान्याच्या ओट्यावर एक पितळी घंगाळ असे आणि शेजारी काथ्याचा घासणा. पाय धुऊन झाले की रोग्याला बाकावर झोपवायचं, तळवे खिडकीकडे करायचे, आणि डॉक्टर वाकून बघायचे. मग जीभ, मग छाती, मग नाडी. वसईत तेव्हा निम्मी माणसं अनवाणी चालत. बागायतीचा चिखल, मिठागराचं खारं पाणी, बंदरावरची मासळी, सगळं पायाला लागून येई. ते घंगाळ ओतून टाकता टाकता मी कंटाळून जाई. दवाखाना होता त्या पापडीतले लोक थट्टेनं म्हणत, "आल्मेडांकडे बारा महिने आज्ञा गुरुवार." येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी पाद्री काही जणांचे पाय धुतात, त्यावरून ही थट्टा. ती डॉक्टरांच्या कानावर गेली होती.

"पाद्रींचं बरं आहे," ते म्हणाले, "त्यांच्याकडे लोक घरून धुऊन येतात."

मी विरारची, फुलपाड्याची. नर्सिंग शिकून नुकती बाहेर पडले होते आणि स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या पापडीच्या दवाखान्यात लागले. जवळजवळ दहा वर्षं तिथे होते. पण त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत आहे असं मी म्हणणार नाही. ते सांडोरचे. घरच्या केळी-पानवेली भाऊ बघायचा, डॉक्टरांना त्यातलं काही कळत नसे. लग्न केलेलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवत आणि वाईट वाजवत, पण अख्ख्या गावाला त्यांनी कधी ना कधी औषध दिलेलं असल्यामुळे तसं कोणी बोलून दाखवत नसे. दुपारचं जेवण उभ्याउभ्या. बोलता बोलता मधेच गप्प होत, आणि पुढचं वाक्य कधी कधी दुसऱ्या दिवशी पुरं करत.

"घाबरू नका" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. मी एकदा एका बाईला तसं म्हणाले, तर ती गेल्यावर मला म्हणाले, "तिला काय झालंय ते आपल्याला अजून माहीत नाही. मग घाबरू नको म्हणून कशाच्या जोरावर सांगितलंत?" त्यांचं स्वतःचं ठरलेलं वाक्य होतं, "आज काही ठरवायचं नाही." त्या वाक्यानं लोक जास्तच घाबरत.

आणखी एक खोड होती. अंगावरचं जे काही ते कापून काढत, मस असो, गाठ असो, चामखीळ असो, ते औषधी पाण्याच्या बाटलीत घालून तपासायला मुंबईला पाठवत. साध्या चामखिळीचाही तुकडा जाई. मुंबईत त्यापासून टॉनिक बनवतात, अशी आमच्याकडे बऱ्याच जणांची समजूत होती. डॉक्टरांनी ती दूर केली नाही.

तळवे बघण्याचं कारण मला हिराजी तांडेल आले तेव्हा कळलं. हिराजी पाचूबंदरचे कोळी, बोट हाकणारे तांडेल, साठी ओलांडलेले. जांघेत गाठ आली म्हणून आले होते. पाय धुतल्यावर टाचेवर काळा डाग दिसला, मोठ्या नाण्याएवढा, कडा वेड्यावाकड्या, मधे ओलसर.

"हा कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो काटा हाय, डाक्टर. मचव्यावरनं उतरताना मोडला. लय वर्सं झाली."

"किती वर्षं?"

"पोरीचं लगीन झालं त्याच्या आधीपासून. आता तिची पोरं शाळेत जातात. बिब्बा लावला, पानी लागू दिलं नाय, तरी जाईना. पन दुखत नाय, मग कोन बघतो?"

डॉक्टर बराच वेळ टाच हातात घेऊन बसले. मग त्यांनी हिराजींना तो काटा नसल्याचं सांगितलं. तो कॅन्सर होता, काळा कॅन्सर, आणि टाचेवरून वर चढून जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. मुंबईला जाऊन पाय काढून घेतला तर काही दिवस वाढतील, कदाचित तेही नाही.

हिराजी हसले. "तांडेल एका पायावर बोटीत उभा कसा राहील?" ते मुंबईला गेले नाहीत. पुढच्या वर्षी मासळीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वारले. डॉक्टर शेवटपर्यंत पाचूबंदरला जाऊन त्यांच्या टाचेची पट्टी बदलत होते.

एक दिवस परत येताना ते मला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसात हा असाच येतो. तळपायाला, तळहाताला, नाहीतर नखाखाली. काळा, सपाट, हळूहळू पसरणारा. म्हातारपणी अंगावर डाग असायचेच, म्हणून कोणी बघत नाही. माझ्या आजोबांच्या अंगठ्याखाली होता. आम्ही सगळे त्याला कुरूप म्हणायचो." त्या दिवसानंतर मी घंगाळाबद्दल कुरकुर केली नाही.

हिराजी गेल्यानंतर तीनएक वर्षांनी फिलू आली. फिलू सांडोरची, दहा वर्षांची. वडील लहानपणीच गेलेले. आई कातरीन पानवेली आणि केळी सांभाळायची, आणि कातरीनचा धाकटा भाऊ बस्त्याव त्यांच्याकडेच राहून बागायत बघायचा. बस्त्याव चोवीस-पंचवीस वर्षांचा, दणकट, बोलायला मोकळा. भाचीला त्यानेच सायकलवर पुढे बसवून आणलं होतं. घरी ही माणसं त्यांची बोली बोलत आणि डॉक्टरही त्यांच्याशी त्याच बोलीत बोलत. मला ती कळे, पण नीट लिहिता येत नाही, म्हणून इथे साध्या भाषेत सांगते.

फिलूच्या गुडघ्याखाली एक गाठ आली होती. गोल, गुळगुळीत, गुलाबी, करवंदाएवढी. काळेपणाचं नाव नाही. चारपाच महिन्यांत वाढली होती आणि खेळताना लागली की रक्त येई. चामखीळच वाटत होती. डॉक्टरांनी ती काढली, टाके घातले, बाटली मुंबईला गेली.

उत्तर आलं ते डॉक्टरांनी उभ्यानं वाचलं, मग बसून परत वाचलं, मग मला दिलं. काळा कॅन्सर. हिराजींना होता तोच. मुंबईच्या मोठ्या सर्जननी फिलूला तपासलं आणि पाय मांडीपासून, जांघेत सगळ्यांनाच असतात त्या बारीक गाठींसकट काढावा असं सांगितलं, आणि तेही लवकर. त्यात त्यांची चूक काही नव्हती. सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली जे दिसलं त्याला तेव्हाच्या पुस्तकांत हाच उपाय होता.

डॉक्टरांनी दोन दिवस दवाखाना बंद ठेवला. माझ्या काळात तसं पहिल्यांदाच झालं. मुंबईत त्यांचे एक जुने शिक्षक होते, पारशी, मांसाचे तुकडे काचेवर बघण्यात उभा जन्म घालवलेले. डॉक्टर त्यांच्याकडे गेले, फिलूच्या गाठीच्या काचा मागवून घेतल्या, आणि दोघांनी बसून त्या पाहिल्या. परत आले तेव्हा दाढी वाढलेली होती. मला म्हणाले, "सर म्हणतात, दिसतोय कॅन्सरच. पण परदेशातल्या मासिकात नव्यानं आलंय की लहान पोरांत एक गाठ अशी असते, जी काचेखाली हुबेहूब अशीच दिसते, आणि करत मात्र काही नाही. काढली की संपली. पोरांना खरा कॅन्सरही होतो, फार क्वचित, आणि तोही कधी कधी असाच गुलाबी, गोल असतो. दोन्हींत फरक कसा ओळखायचा ते सरांनाही नक्की सांगता येत नाही."

"मग त्यांचं मत काय?"

"त्यांना वाटतं, ही साधी आहे. पण लिहून द्यायला तयार नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही दिलं नसतं."

संध्याकाळी आम्ही सांडोरला गेलो. कातरीन ओट्यावर विक्रीसाठी विड्याची पानं एकावर एक लावत होती, बस्त्याव नुकताच बागेतून आला होता. फिलू अंगणात एका पायावर उड्या मारत होती, दुसरा पट्टीतला पाय वर धरून. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. कातरीननं पानं खाली ठेवली नाहीत. ती लावत राहिली.

"मुंबईचे एवढे मोठे डॉक्टर पाय कापा म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणता. मी कोणाचं ऐकू?"

"मी नको म्हणत नाही. दोन्ही बाजू सांगतोय. पाय ठेवला तर जखमेच्या आजूबाजूची कातडी मी आणखी थोडी काढीन, आणि मग लक्ष ठेवायचं."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तर फिलू हातची जाईल."

बस्त्याव उठून उभा राहिला. "बाय, कापू दे," तो बहिणीला म्हणाला. "लंगडी राहिली तरी मी आहे ना. जन्मभर मी बघीन. जीव राहू दे."

"आणि पाय कापला, आणि ही गाठ साधीच होती, तर?" कातरीननं डॉक्टरांना विचारलं.

"तर पाय फुकट गेला असेल. आणि ते आपल्याला कधी कळणारही नाही. आपण म्हणू, कापला म्हणून वाचली."

फिलूच्या उड्या चालूच होत्या. शेवटी कातरीन म्हणाली, "तुमची पोर असती तर काय केलं असतं, असं मी विचारणार नाही. तुम्हाला पोर नाही, तुम्हाला काय कळणार? पाय राहू दे. पण तुम्ही दर महिन्याला यायचं. माझ्या घरी यायचं. पोरीला दवाखान्यात ओढत न्यायला लावायचं नाही."

डॉक्टर बरं म्हणाले.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही सांडोरला जात असू. डॉक्टर फिलूच्या गुडघ्याखालचा व्रण बघत, बोटांनी जांघ चाचपत, तिला खोल श्वास घ्यायला लावत. तिला ते मुळीच आवडत नसे. एकदा ती केळीच्या बागेत जाऊन लपली आणि डॉक्टर चष्मा सांभाळत, धोतराला चिखल लावत तिला शोधत फिरले. असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. गाठ परत आली नाही. सांडोरात, पापडीत, गिरिजच्या बाजारात गोष्ट पसरली की मुंबईवाल्यांनी पाय कापायला सांगितला होता आणि आल्मेडांनी वाचवला. लोक मुलाबाळांचे तीळ घेऊन दवाखान्यात येऊ लागले. डॉक्टरांना तो गाजावाजा नकोसा होता. त्यांना आणखी काही वर्षं थांबायचं होतं. तरी मी बघत होते, फिलूच्या घरून निघताना त्यांची चाल थोडी हलकी होई, आणि क्वचित एखाद्या आईला ते आपणहून म्हणत, "लहान वयात याची एवढी धास्ती नसते."

अशाच एका शनिवारी फिलूला तपासून आम्ही निघालो होतो. विहिरीवर बस्त्याव उघड्या अंगानं आंघोळ करत होता. आमच्याकडे पाठ होती. डॉक्टर थांबले. मग विहिरीकडे वळले, आणि ओल्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली त्यांनी बोट टेकवलं. तिथे एक तीळ होता. काळा, पण सगळीकडे सारखा काळा नव्हता. एका बाजूला निळसर, एका बाजूला तांबूस, आणि एक कड जणू वितळून पसरली होती.

"हा कधीचा?"

"जन्मापासून आहे, डॉक्टर."

"असाच?"

बस्त्यावनं दोरी सोडली. "थोडा वाढलाय या वर्षात. खाजतो. टोपली पाठीवर घेतली की कधी कधी रक्त येतं."

"आणि मी दर महिन्याला इथे येतो. मला का नाही दाखवलास?"

तो हसला, अगदी मनापासून. "फिलूलाही होतंच ना तसं! ती ठणठणीत आहे. तुम्हीच तर आयांना सांगता, लहान वयात धास्ती नसते. मी काय म्हातारा झालोय?"

डॉक्टरांचा चेहरा मला अजून आठवतो. ते बस्त्यावच्या ओल्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि बाही भिजून पाणी कोपरापर्यंत चाललं होतं.

"लहान म्हणजे फिलूएवढं लहान," ते सावकाश म्हणाले. "अजून न्हाण न आलेल्या पोरीचं बोलत होतो मी. तुझं वय तरणं आहे. तरण्या माणसात तिळातून निघतो तो खराच असतो. म्हाताऱ्यात वर्षानुवर्षं सरपटतो, तुमच्यात त्याला तेवढाही वेळ लागत नाही. तू उद्या मुंबईला चल माझ्याबरोबर."

"उद्या पानं तोडायची आहेत."

"बस्त्याव."

त्या एका हाकेत काय होतं कोण जाणे, पण बस्त्यावचं हसू गेलं. तो गेला मुंबईला. पाठीचा मोठा तुकडा काढला, काखेतल्या गाठी काढल्या, आणि त्यांतल्या एका गाठीत रोग पोचलेला निघाला. महिन्याभरानं परत आला तेव्हा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तरी पुढचं वर्षभर तो बरा होता. एका हातानं बाग करायचा आणि डॉक्टर दिसले की लांबूनच ओरडायचा, "आहे अजून!" मग खोकला सुरू झाला. तो खोकला काय आहे ते डॉक्टरांनी छातीला कान लावताच ओळखलं. बस्त्यावनं विचारलं आणि डॉक्टरांनी रोग छातीत पोचल्याचं सांगितलं. नेहमी सांगत तसंच, काही न लपवता. बस्त्याव म्हणाला, "बायला मी सांगतो. तुम्ही नका सांगू." पावसाळा संपताना तो गेला.

दफनाला डॉक्टर व्हायोलिन घेऊन आले नव्हते. चर्चच्या मागच्या दाराशी उभे राहिले आणि माती पडायच्या आधी निघून गेले.

त्यानंतरचा पहिला शनिवार आला. सांडोरला जायचं की नाही, हे मी विचारलं नाही. नेहमीच्या वेळेला ते बॅग घेऊन निघाले तशी मीही निघाले. कातरीनच्या वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, फाटकाशी आल्यावर ते थांबले. आत जाईनात. फाटक उघडंच होतं. मी त्यांच्या मागे उभी. आत अंगणात राजेळी केळी सोलून सुकेळीसाठी बांबूच्या मांडवीवर वाळत घातलेली होती, आणि काळ्या साडीतली कातरीन त्यांच्यावरच्या माश्या हाकत होती. तिनं आम्हाला पाहिलं. हातातली फांदी खाली ठेवली आणि फाटकापर्यंत आली.

"त्यालाही मी आधीच तपासायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे पहिल्या दिवसापासून. तुझ्या घरात एवढे महिने येत होतो, एकदा तरी सगळ्यांना बघायला हवं होतं. आणि लहान वयाचं ते वाक्य बोलायला नको होतं."

तुमची चूक नव्हती असं कातरीन म्हणाली नाही, होती असंही नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दर महिन्याला यायचं ठरलं होतं. पोरगी आत वाट बघतेय."

डॉक्टर आत गेले. त्या दिवशी फिलू लपली नाही. मुकाट्यानं पाय पुढे करून बसली. त्यांनी जांघ तपासली, श्वास ऐकला. मग कातरीनला समोर बसवून तिचे हात, पाय, पाठ, मान, सगळं तपासलं. ती संकोचली, पण बसून राहिली.

त्यानंतर डॉक्टरांनी एका रोग्याचं उदाहरण दुसऱ्याला दिलं नाही. "अमक्याला असंच होतं, तो बरा झाला," असं कोणी दवाखान्यात म्हणालं तर ते हात वर करून त्याला थांबवत. "त्याचं त्याच्याजवळ. तू तुझं दाखव." आया आणत त्या मुलांचे तीळ ते पूर्वीसारखेच तपासत, पण वयाचा शब्द काढत नसत. मी एकदा म्हटलं, "पण वयानं फरक पडतो, हे खरंच आहे ना?"

"पडतो. म्हणूनच मी तो मनात धरतो. माझ्या तोंडून तो बाहेर पडला की ऐकणारा आपल्याला हवा तेवढाच घेऊन जातो."

मला ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली तेव्हा माझा शेवटचा दिवस महिन्याच्या पहिल्याच शनिवारी आला. फिलू तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची झाली होती, आईच्या खांद्याएवढी. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि कातरीनला म्हणाले, "आता दर महिन्याला नको. वर्षातून एकदा येईन."

"म्हणजे ती बरी झाली?"

"आजवर बरी आहे."

कातरीनला ते पुरलं नाही, हे दिसत होतं. पण तिनं मान हलवली. डॉक्टरांच्या तोंडून यापेक्षा जास्त काही मिळणार नाही हे तिला एव्हाना माहीत होतं. फिलू आम्हाला सोडायला बांधापर्यंत आली. पाण्याचा पाट ओलांडायला मी खाली बघत पाय टाकत होते, तोवर ती एका उडीत पलीकडे गेली होती.

ती परत फिरल्यावर मी डॉक्टरांना विचारलं. एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं, आणि पुन्हा संधी मिळाली नसती.

"तेव्हा तुमची खात्री होती का, हिच्या पायाची?"

"नव्हती."

"मग?"

"पाय कापूनही खात्री झाली नसती," ते म्हणाले. आणि नेहमीसारखे मधेच गप्प झाले. मला वाटलं पुढे काही बोलतील.

तेवढ्यात वाटेवरच्या एका घरातून एक बाई धावत आली. पोराच्या कानात काहीतरी गेलं होतं, तो रडून आकांत करत होता. डॉक्टर माझा निरोप न घेताच तिच्यामागे वळले. मला स्टेशन गाठायचं होतं. थोडं पुढे जाऊन मी मागे पाहिलं. डॉक्टर त्या घराच्या ओट्यावर बसले होते, पोर मांडीवर आडवं घेतलेलं, आईनं त्याचे दोन्ही हात धरलेले. पोर जिवाच्या आकांतानं ओरडत होतं, आणि डॉक्टर त्याचा कान उन्हाकडे वळवून, ऐकू येत नसल्यासारखे आत बघत होते.